अमेरिकेत कोण कुठून आलं आणि कुठे वसलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी मराठी मंडळांत आणि कॉलेजांत अमेरिकेच्या जनगणनेचे नकाशे दाखवत असते. प्रत्येक राज्याला एक रंग दिलेला असतो. तिथल्या परदेशात जन्मलेल्या लोकांत सगळ्यात जास्त कोणत्या देशाचे, ते त्या रंगावरून कळतं. १८५० पासून आजपर्यंतचे नकाशे एकामागोमाग दाखवले की सभागृहात कुजबुज सुरू होते. चहाच्या वेळी प्रश्न येतात आणि मग महिनाभर व्हॉट्सॅपवर येत राहतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलंय तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "मूळ देश" म्हणजे नेमकं काय धरलंय? वंश, नागरिकत्व की जन्म?

जन्म. माणूस कुठे जन्मला, एवढंच. त्याच्याकडे आज कोणता पासपोर्ट आहे, घरात कोणती भाषा बोलतो, आजोबा कुठले, याचा इथे संबंध नाही. अमेरिकन नागरिक झालेला नाशिकचा माणूस या मोजणीत भारताच्याच खात्यात राहतो आणि त्याची न्यू जर्सीत जन्मलेली मुलगी या तक्त्यातच येत नाही. उलट, अमेरिकन आईबापांचं मूल पुण्यात जन्मलं तरी ते "परदेशात जन्मलेलं" धरत नाहीत, कारण ते जन्मतःच नागरिक असतं. पोर्टो रिकोचे लोकही याच कारणाने यादीबाहेर आहेत. न्यूयॉर्कमध्ये ते लाखोंनी आहेत, स्पॅनिश बोलतात, विमानाने समुद्र ओलांडून येतात, पण हिशेबात ते देशातल्या देशात हललेले लोक आहेत.

२. ही माहिती कधीपासून मिळते? त्याआधीचं काय?

१८५० पासून. त्या वर्षी पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आणि जन्मस्थान लिहून घेतलं गेलं. "स्वतंत्र" हा शब्द महत्त्वाचा आहे. गुलाम माणसं वेगळ्या तक्त्यात, मालकाच्या नावाखाली, स्वतःच्या नावाशिवाय मोजली जात. आफ्रिकेतून लाखो लोकांना जबरदस्तीने अमेरिका खंडात आणलं गेलं आणि अमेरिकेने १८०८ मध्ये ती आयात कायद्याने बंद केली. ते सगळं या नकाशांच्या आधीचं आहे. त्यामुळे पहिल्या नकाशावर दक्षिणेकडची राज्यं जवळजवळ रिकामी दिसतात ती फसवी आहेत. तिथे दुरून आणलेली माणसं होती, पण या रकान्यात त्यांना जागा नव्हती.

एक मोठं भोकही आहे. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक मूळ कागद १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत खराब झाले आणि उरलेले नंतर निकालात काढले गेले. छापलेले एकूण आकडे वाचले, घराघरांची पानं गेली. याच १८९० च्या आकड्यांनी पुढे काय केलं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

३. थोडक्यात सांगा, कोणता देश कधी पहिला होता?

१८५० मध्ये आयर्लंड. परदेशात जन्मलेले २२ लाख, त्यांतले सुमारे ९ लाख ६० हजार आयरिश. बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ पडला आणि माणसं जहाजात बसली. १८८० पासून १९२० पर्यंत जर्मनी. १९३० पासून १९७० पर्यंत इटली. १९८० पासून आजतागायत मेक्सिको.

एकूण लोकसंख्येत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण १८९० मध्ये १४.८ टक्के होतं. १९७० मध्ये ते ४.७ टक्क्यांवर उतरलं आणि २०२३ मध्ये पुन्हा १४.३ टक्क्यांपर्यंत चढलं. साठ-सत्तरच्या दशकात गेलेल्या आपल्या लोकांना "तेव्हा परदेशी माणूस दिसला की लोक वळून बघत" असं आठवतं. त्यात अतिशयोक्ती नाही, ते खरोखरच ओहोटीच्या काळात पोहोचले होते.

४. देशभर जर्मनी पहिला, मग १९१० च्या नकाशात इतके रंग कसे?

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा नकाशा हाच. मधोमध विस्कॉन्सिन वगैरे राज्यांत जर्मन. मिलवॉकी, सिनसिनाटी, सेंट लुइस ही त्यांची शहरं. त्यांच्या वर, मिनेसोटात स्वीडिश आणि नॉर्थ डकोटात नॉर्वेजियन, कारण हे लोक आले तेव्हा फुकट मिळणारी गव्हाची जमीन तिकडे शिल्लक होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन कसायला मिळत होती आणि रेल्वे कंपन्यांचे दलाल युरोपात हिंडून गिऱ्हाईक गोळा करत होते. ईशान्य कोपऱ्यात, मेन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये कॅनडा. न्यूयॉर्क राज्यात रशिया (हे कोडं प्रश्न ७ मध्ये). टेक्सास आणि अॅरिझोनात मेक्सिको, म्हणजे आजच्या नकाशाचा एक तुकडा तेव्हाच तयार होता. आणि खाली लुइझियानात इटली. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, ते सिसिलीहून न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात उतरले.

म्हणून नकाशा वाचताना मी आधी विचारते, इथे त्या वर्षी कुठलं काम होतं आणि तिथवर कुठला रस्ता जात होता? माणूस "अमेरिकेला" जात नाही. तो एखाद्या गिरणीला, शेताला, नाहीतर मामाच्या खोलीवर जातो.

५. एकाच देशाचे लोक एकाच गावात का गोळा होतात?

मुंबईच्या गिरणगावात गावकीच्या खोल्या का होत्या, त्याच कारणाने. पहिला माणूस काम धरतो, मुकादमाला सांगून भावाला लावतो, भाऊ मेहुण्याला पत्र टाकतो. तिकिटाचे पैसे आधीच पोहोचलेला माणूस पाठवतो. एकदा ही साखळी लागली की शेजारच्या गावात मजुरी जास्त असली तरी माणसं ओळखीच्याच ठिकाणी येतात. म्हणून नकाशावरचे ठिपके सुरुवातीचं काम संपल्यावरही पन्नास-साठ वर्षं टिकतात.

६. राज्यं फार मोठी वाटतात. एखाद्या गावात हा बदल कसा दिसतो?

मेन राज्यातलं लुइस्टन घ्या. अँड्रोस्कॉगिन नदीकाठचं गिरण्यांचं गाव. नदीला धबधबा आहे, त्याच्या जोरावर कापडाच्या गिरण्या चालवायच्या म्हणून १८५० च्या सुमारास कालवे खणायला घेतले. खणणारे आयरिश. कालव्यात पाणी आलं, गिरण्या फिरू लागल्या, तेव्हा मागावर उभे राहायला क्वेबेकहून फ्रेंच बोलणारे शेतकरी आले. ग्रँड ट्रंक रेल्वेमुळे त्यांना थेट गाडी होती. नदीलगतच्या लाकडी, चार-चार मजली चाळींच्या वस्तीला "लिटल कॅनडा" नाव पडलं. त्यांनी एवढं मोठं दगडी चर्च बांधलं की आजही गावात शिरताना आधी त्याचे मनोरे दिसतात. १९२० च्या दशकात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेने मेनमध्ये मोर्चे काढले ते मुख्यतः या फ्रेंच कॅथलिकांच्या विरोधात. ही गोष्ट मी सांगते तेव्हा लोकांना खरी वाटत नाही.

मग गिरण्या दक्षिणेकडे गेल्या, एकेक बंद पडली, घरं रिकामी झाली. २००१ पासून त्या रिकाम्या घरांत सोमाली कुटुंबं येऊ लागली. सरकारने त्यांना आधी दुसऱ्या शहरांत ठेवलं होतं. भाडं कमी आणि गाव शांत, एवढ्यावर ती स्वतःहून इकडे सरकली. लिस्बन स्ट्रीटवरच्या बंद दुकानांत हलाल मांस, कापड, फोनकार्डं विकायला आली. २००२ मध्ये महापौरांनी सोमाली समाजाला उघड पत्र लिहून विनंती केली की आता आणखी लोक आणू नका, गावाला झेपत नाही. त्यावरून देशभर गदारोळ झाला. महापौरांचं नाव मात्र फ्रेंच वळणाचं होतं.

राज्याच्या नकाशात यातलं काही दिसत नाही. मेन आजही कॅनडाच्याच रंगात आहे.

७. १९१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये रशियन पहिले? आणि पोलंडचे लोक कुठे गेले?

पोलंड नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हताच. १७९५ पासून १९१८ पर्यंत तो रशिया, प्रशिया (पुढे जर्मनी) आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतलेला होता. क्राकोचा पोल ऑस्ट्रियाच्या खात्यात जाई, वॉर्साचा रशियाच्या, पोझनानचा जर्मनीच्या. आणि न्यूयॉर्कच्या "रशियन" लोकांत बहुसंख्य ज्यू होते. झारच्या राज्यात त्यांना ठरावीक पश्चिमी पट्ट्यातच राहायची मुभा होती आणि दंगलींना कंटाळून ते निघाले होते.

जनगणनेच्या लोकांनाही हे कळत होतं. १९१० च्या तक्त्याचं एखादं पान मोठं करून पाहा. जन्मस्थानाचे तीन रकाने आहेत: स्वतःचं, बापाचं, आईचं. त्यात बारीक तिरक्या अक्षरात देशाच्या नावापुढे आडवी रेघ मारून मातृभाषा लिहिलेली असते. "रशिया-यिडिश" (यिडिश म्हणजे तिकडच्या ज्यूंची भाषा), "ऑस्ट्रिया-पोलिश". पुढच्या रकान्यांत कोणत्या वर्षी आला, नागरिक झाला का, इंग्रजी येतं का. एका इमारतीत, एका जिन्यावर, आठ-दहा कुटुंबं "रशिया"ची आणि त्यांत अस्सल रशियन बोलणारं एकही नाही, अशी पानं सर्रास सापडतात. एकूण तक्ता छापताना बहुतेक वेळा ती रेघ आणि तिच्यापुढचा शब्द गळून जातो.

८. १९२४ चा कायदा म्हणतात तो काय होता?

दारं मोजूनमापून बंद करण्याचा कायदा. आधी १९२१ मध्ये तात्पुरता कोटा आला होता: १९१० च्या जनगणनेत ज्या देशाचे जितके लोक, त्याच्या ३ टक्के माणसांना दरवर्षी प्रवेश. १९२४ मध्ये टक्के ३ चे २ केले, हे उघड दिसतं. खरी मेख आधारवर्षात होती. १९१० ऐवजी १८९० धरलं. १८९० मध्ये इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू नुकतेच कुठे येऊ लागले होते, म्हणून त्यांचा कोटा आपोआप आटला. कुणाचं नाव न घेता नेमकं ज्यांना अडवायचं त्यांना अडवता आलं. १९२९ पासून अंतिम हिशेब लागू झाला तेव्हा ब्रिटनला वर्षाला ६५,७२१ जागा होत्या आणि इटलीला ५,८०२.

आशियाला तर कोट्याच्या रांगेतही उभं राहायची परवानगी नव्हती (प्रश्न १३ आणि १४). अमेरिका खंडातल्या देशांवर, म्हणजे कॅनडा-मेक्सिकोवर, मात्र कोटा लावला नाही. टेक्सास-कॅलिफोर्नियाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते.

९. इटलीचा कोटा इतका लहान, तर १९६० मध्येही इटली पहिल्या क्रमांकावर कशी?

कारण नकाशा त्या वर्षी आलेल्यांचा नाही, त्या वर्षी हयात असलेल्यांचा आहे. १९६० चे इटालियन म्हणजे मुख्यतः १९०० ते १९२० मध्ये विशीत आलेली माणसं, आता म्हातारी झालेली. नवीन कुणी फारसं येत नव्हतं, त्यामुळे जुनेच पहिले राहिले. आकडा मात्र दर दहा वर्षांनी उतरत होता: १९३० मध्ये सुमारे १८ लाख, १९७० मध्ये जेमतेम १० लाख. हौदात पाणी किती आहे आणि नळाला किती येतंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रं यांची गल्लत सतत करतात.

१०. मग एवढे जर्मन गेले कुठे?

कुठेही नाही. पूर्वज कुठले असं विचारलं तर आजही सुमारे साडेचार कोटी अमेरिकन जर्मनीचं नाव घेतात. नाहीशी झाली ती भाषा. पहिल्या महायुद्धात जर्मन शाळा, वर्तमानपत्रं, मंडळं पटापट बंद झाली आणि अनेक "श्मिट" रातोरात "स्मिथ" झाले. आयोवाच्या गव्हर्नरने १९१८ मध्ये हुकूम काढला की शाळेत, सार्वजनिक जागी, चर्चमध्ये आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज भाषा बोलायची नाही. फोनवर भाकरीची कृती विचारणाऱ्या म्हातारीचं काय झालं असेल, असं मला नेहमी वाटतं.

११. मेक्सिकन लोक तर तिथले मूळचेच ना? ते "आले" असं कसं म्हणता?

दोन्ही खरं आहे. १८४८ च्या तहात मेक्सिकोचा उत्तरेकडचा अवाढव्य भाग अमेरिकेकडे गेला आणि तिथली माणसं घर न सोडता दुसऱ्या देशात गेली. पण आजच्या तक्त्यातले मेक्सिकन बहुतेक त्यांचे वंशज नाहीत. ते नंतर कामासाठी आलेले आहेत. १९४२ ते १९६४ "ब्रासेरो" योजनेखाली दोन्ही सरकारांनी मिळून हंगामी शेतमजूर आणले. मिरची, टोमॅटो, कापूस तोडायचा आणि परत जायचं. योजना बंद झाली, पण शेतं होती तिथेच होती आणि मजुरांना वाटही पाठ झाली होती. आता तीच वाट बेकायदा ठरली. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागदपत्रं दिली. कागद हातात आल्यावर माणसाला मालकाच्या मर्जीवर आणि सीमेजवळच राहायची गरज उरली नाही. पुढच्या वीस वर्षांत जॉर्जियातल्या डाल्टनच्या गालिच्यांच्या कारखान्यांत, नॉर्थ कॅरोलायनाच्या कोंबड्यांच्या कारखान्यांत मेक्सिकन दिसू लागले. १९८० मध्ये २२ लाख, २००० मध्ये ९२ लाख.

१२. १९६५ मध्ये नेमकं काय बदललं?

३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून नव्या कायद्यावर सही केली आणि देशवार कोट्याची जुनी पद्धत गेली. पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला कमाल २० हजार जागा, मग तो ब्रिटन असो की भारत. प्राधान्य नातेवाइकांना आणि कसब असलेल्यांना. कायदा करणाऱ्यांना वाटत होतं की नातेवाईक बोलावणारे सगळे युरोपीयच आहेत, तेव्हा युरोपीयच येतील. पण युरोपात तेव्हा सुबत्ता होती, निघायची घाई कुणाला नव्हती. घाई होती ती सोल, मनिला, मुंबई, हैदराबादला, डिग्री हातात असलेल्या तरुणांना.

याच कायद्याने पहिल्यांदा अमेरिका खंडातल्या देशांवरही एकूण १ लाख २० हजारांची मर्यादा घातली. प्रश्न ११ मधली वाट बेकायदा होण्यात या कलमाचा मोठा हात आहे. "१९६५ ने दार उघडलं" हे अर्धंच खरं. एक उघडलं, एक लोटून घेतलं.

१३. पॅसिफिक किनाऱ्याचा क्रम वेगळा का दिसतो?

कारण तिकडे जहाजं दुसऱ्या बाजूने येत होती. कॅलिफोर्नियात १८६० मध्ये चीनमध्ये जन्मलेले सुमारे ३५ हजार होते, आयरिशांहूनही थोडे जास्त. सोन्याच्या खाणी, मग रेल्वे. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी आली ती १९४३ पर्यंत टिकली आणि उठली तेव्हा चिन्यांना वर्षाला जागा मिळाल्या १०५. मधल्या काळात १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे जन्माचे दाखले जळाले. मग अनेक चिनी पुरुषांनी "मी इथेच जन्मलो" असं सांगितलं आणि कागदावरचे मुलगे चीनहून आणले. म्हणजे तक्त्यात "अमेरिकेत जन्म" लिहिलेले काही जण पक्के चीनमध्ये जन्मलेले होते.

हवाईचा क्रम चीन, जपान, फिलिपिन्स. तिन्ही वेळा कारण एकच, ऊस. एका देशाचे मजूर संप करू लागले किंवा कायद्याने अडले की मळेवाले दुसरीकडून आणत. फिलिपिन्स १९४६ पर्यंत अमेरिकेच्याच ताब्यात होतं, म्हणून आधी आलेले फिलिपिनो "परदेशी" धरले जात नव्हते. प्रश्न १ मधल्या पोर्टो रिकोसारखंच. आज हवाई आणि अलास्का, दोन्हीकडे फिलिपिन्स पहिला आहे.

१४. भारतीय पहिल्यांदा कधी आणि कुठे दिसतात?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पश्चिम किनाऱ्यावर. पंजाबचे शेतकरी, बहुतेक शीख, लाकडाच्या गिरण्यांत आणि मग कॅलिफोर्नियाच्या शेतांत. ४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये गोऱ्या कामगारांच्या जमावाने त्यांना रात्रीत गावाबाहेर हाकललं. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या पट्ट्याला प्रवेशबंदी झाली आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय "गोरे" नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत, असा निर्णय दिला. बायका आणता येत नव्हत्या, गोऱ्या बाईशी लग्न कायद्याने बंद. मग कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत अनेक पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. त्याच भागातून १९५६ मध्ये दलीपसिंग सौंद अमेरिकन संसदेत निवडून गेले.

या गर्दीत एक मराठी माणूस ठळक आहे: वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे. ओरेगनमध्ये शेती शिकले, गदर चळवळीत उतरले आणि शेवटी मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी शाळेत मक्यावर काम करत राहिले. मेक्सिकोचे लोक उत्तरेला जात होते तेव्हा आपला माणूस दक्षिणेला जाऊन स्थिरावला.

१९४६ मध्ये भारताला वर्षाला १०० जागा मिळाल्या. खरा ओघ प्रश्न १२ नंतरचा.

१५. न्यू जर्सीतच इतके भारतीय का?

१९६५ नंतर आलेले डॉक्टर आणि इंजिनिअर न्यूयॉर्कच्या आसपास लागले. औषधकंपन्या, टेलिफोनच्या प्रयोगशाळा, हॉस्पिटलं न्यू जर्सीत होती. क्वीन्समधल्या खोलीतून निघून अंगणाचं घर घ्यायचं तर रेल्वेच्या कडेने एडिसन गावापर्यंत जायचं, असा तो हिशेब. मग प्रश्न ५ ची साखळी. सुरुवात गोड नव्हती. १९८७ मध्ये जर्सी सिटीत "डॉटबस्टर्स" नावाच्या टोळक्याने कुंकू लावणाऱ्या बायकांना आणि एकट्या भारतीयांना गाठून मारहाण केली. १९९० च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसा आला, वाय-टू-केच्या (सन २००० लागताना संगणकांच्या तारखा बिघडतील या भीतीच्या) धांदलीत हजारो प्रोग्रामर आले आणि एडिसनच्या ओक ट्री रोडवर साड्या, सोनं, चाट यांची रांग लागली. आज या राज्यात जन्मदेश म्हणून भारत पहिल्या क्रमांकावर आहे.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये याच राज्यात, रोझेलला कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या होत्या. माझ्या व्याख्यानात हे सांगितलं की सगळ्यात जास्त टाळ्या इथे पडतात, जरी त्या शिकून परत येणाऱ्या होत्या आणि या तक्त्यांशी त्यांचा काही संबंध नाही.

"भारत" या एका ओळीतही क्रम बदलत गेलाय: आधी पंजाबी शेतकरी, मग मोटेल घेणारे गुजराती, मग तेलुगू. २०१० ते २०१७ दरम्यान अमेरिकेत सगळ्यात वेगाने वाढलेली भाषा तेलुगू होती.

१६. मराठी माणसं या आकड्यांत कुठे शोधायची? माझे वडील कराचीत जन्मले, ते कोण?

जन्मदेशाच्या तक्त्यात मराठी असा रकाना नाही. घरात बोलली जाणारी भाषा वेगळ्या प्रश्नात विचारतात, तिथे मराठी सापडते. पण मुलं इंग्रजीत उत्तर द्यायला लागली की घर त्या मोजणीतूनही निसटतं.

कराचीचं उत्तर असं: फाळणीआधी तिथे चांगली मोठी मराठी वस्ती होती. १९४० मध्ये तिथे जन्मलेला माणूस १९७० मध्ये शिकागोला गेला तर नियमाप्रमाणे आजच्या सीमा धरून उत्तर द्यायचं असतं, म्हणजे पाकिस्तान, पण मोजलं जातं ते त्याने फॉर्मवर लिहिलेलं. "भारत" लिहिलं तर भारत, "पाकिस्तान" लिहिलं तर पाकिस्तान. एका घरातल्या दोन भावांनी दोन उत्तरं दिलेली मी पाहिली आहेत. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचंही असंच. तेव्हा तिथे पोर्तुगालचं राज्य होतं. नैरोबीत जन्मलेले गुजराती आणि गोवेकर केनियाचे. १९७२ मध्ये इदी अमीनने हाकललेले, कंपालात जन्मलेले लोक युगांडाचे. नकाशावर युगांडाचा ठिपका दिसला म्हणजे तिथे आफ्रिकन वंशाचीच माणसं असतील, असं धरू नका.

१७. मिनेसोटात थायलंडचे इतके लोक कसे?

त्यांतले बरेच ह्मोंग आहेत. लाओसमधल्या युद्धानंतर १९७५ पासून हे लोक मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत राहिले आणि त्यांची मुलं तिथे जन्मली. जन्मदेश थायलंड, पण थायलंडने त्यांना कधी आपलं म्हटलं नाही. केनियातल्या दादाब छावणीत जन्मलेली सोमाली मुलं "केनिया"त जातात. भूतानमधून घालवलेल्या नेपाळीभाषकांची छावणीतली मुलं "नेपाळ"मध्ये. ओहायोतल्या कोलंबसला त्यांची मोठी वस्ती आहे. निर्वासितांच्या बाबतीत जन्मदेश हा पुष्कळदा मुक्कामाचा पत्ता असतो.

१८. लुइझियानात होंडुरास? हे चुकून छापलंय का?

नाही. केळी. न्यू ऑर्लिन्स हे मध्य अमेरिकेतून येणाऱ्या केळ्यांचं बंदर होतं आणि होंडुरासमध्ये बागा असलेल्या कंपन्यांची कचेरीही तिथेच. केळी वाहणाऱ्या जहाजांच्या वाटेने माणसं आली. २००५ मध्ये कतरिना वादळाने शहर बुडालं, ते पुन्हा बांधायला आणखी आली. प्रश्न ४ मधले सिसिलीचे लोकही याच धक्क्यावर उतरले होते.

१९. पहिला क्रमांक म्हणजे निम्म्याहून जास्त?

मुळीच नाही. १८५० मध्ये आयरिश ४३ टक्के होते, १९१० मध्ये जर्मन पाचातला एकही पुरता नाही, आज मेक्सिकन चौथ्या भागाहून थोडे कमी. निम्म्याहून अधिक राज्यं मेक्सिकोच्या रंगात असली तरी फ्लोरिडा क्युबाचं आहे, न्यूयॉर्क डोमिनिकन रिपब्लिकचं, मेरीलँड एल साल्वादोरचं. आणि छोट्या राज्यांत दोन-चार हजारांच्या फरकाने रंग पालटतो. त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत.

२०. सध्या कल कुठे आहे?

मेक्सिकोतून नव्याने येणं २००७-०८ च्या मंदीपासून मंदावलं. नळाच्या हिशेबात (प्रश्न ९) भारत आणि चीन २०१३ च्या सुमारास मेक्सिकोच्या पुढे गेले. हौदात मात्र मेक्सिको अजून कितीतरी पुढे आहे. भारतीयांची अडचण वेगळी: १९९० च्या कायद्यानुसार नोकरीवरच्या वर्षाच्या १ लाख ४० हजार ग्रीन कार्डांपैकी एका देशाला साधारण ७ टक्के, म्हणजे सुमारे ९,८०० मिळतात. देश केवढा आहे ते बघत नाहीत. म्हणून तक्त्यात मोजलेले लाखो भारतीय तिथे राहतात, घरं घेतात, पण कायमचे झालेले नसतात.

२१. माझे काका १९७४ मध्ये डेट्रॉइटला गेले. त्यांचं पान बघायला मिळेल का?

अजून नाही. घरोघरची पानं जनगणनेनंतर ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. काका पहिल्यांदा मोजले गेले ते १९८० मध्ये, म्हणजे पान २०५२ मध्ये दिसेल. तोवर त्यांच्या नागरिकत्वाच्या फाइलची प्रत मागवता येते. आणि घरी पत्र्याच्या ट्रंकेत जुना पासपोर्ट असेल तर मुंबई विमानतळाचा शिक्का आणि तारीख असलेल्या पानाचा फोटो आजच काढून ठेवा. शाई उडत जाते.